पट्टहत्ती बाजारात बसतो

पूर्वी श्रीपुर नगरात विजयबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा पट्टहत्ती होऊन जन्मले होते. हत्ती एवढा थोरला, की तो रस्त्याला लागला की आभाळ भरून आलं समजून बायका वाळवणं उचलून घेत.

नगरात एक जुना रिवाज होता. पट्टहत्ती जिथे थांबेल ती जागा राजवाड्याचीच समजायची. तिथे भालाइतांचा पहारा लागे, आणि हत्तीच्या सावलीत जो कुणी हत्यार उगारील त्याला राजावर उगारल्याचीच शिक्षा होई.

त्याच नगरात धान्यबाजारातल्या ओट्यांखाली काही अनाथ पोरं राहत. खंडक नावाचा गुंड साथीदार घेऊन भरदिवसा तिथे येई, पोरांना काठीने झोडपी आणि एखाद्याला उचलून नेई. नेलेलं पोर पुन्हा दिसत नसे. त्या वेळी श्रीपुरचे व्यापारी आपल्या तराजूची दांडी सरळ आहे की नाही, हे फार बारकाईने तपासत.

एका सकाळी हत्तीची मिरवणूक चावडीसमोर खोळंबली होती. आत चित्ती नावाची ओट्याखालची एक लहान मुलगी कोतवालापुढे उभी होती. तिचा हात सुजला होता.

“काल खंडकाने सोमाला नेलं,” ती म्हणाली. “आज मला न्यायला येतो म्हणून सांगून गेलाय.”

“घर कुठलं तुझं?”

“घर नाही.”

“मग गुन्हा कुणाच्या दारात घडला?”

“दारच नाही, कोतवालकाका. ओट्यापाशी घडला.”

“फिर्याद घरधन्याने द्यायची असते, पोरी. बापाला पाठव.”

“बाप असता तर ओट्याखाली कशाला झोपले असते?”

“तोंड चालवू नकोस,” कोतवाल म्हणाला. “नियम सगळ्यांना सारखा. आधी घर कर, मग ये.”

पुढे या कथेत हत्ती बोलतो. ते ज्यांना खोटं वाटेल त्यांना कोतवालाचं बोलणं मात्र खरं वाटलं असेल, याची मला खात्री आहे.

मिरवणूक बाजारात आली आणि हत्ती ओट्यांपाशी खाली बसला. माहूत मल्लू आधी लाजला, मग घाबरला.

“ऊठ रे बाबा,” तो कानात म्हणाला. “देवळात ऊस ठेवलाय. काळा, तुझ्या आवडीचा.”

हत्तीच्या पोटात असा आवाज झाला, की पलीकडच्या गल्लीने दारं लावून घेतली. पण तो उठला नाही. राजवैद्याने शेपूट तपासलं, ज्योतिष्याने शनी सांगितला. भालाइतांनी रिवाजाप्रमाणे कडं केलं. पोरं आत शिरून हत्तीच्या पोटाला टेकून बसली.

दुपारी खंडक आला. भाले त्याने पाहिले. पण ते आजवर कधी पोरांसाठी हलले नव्हते. त्याने सरळ कड्यात घुसून चित्तीचे केस धरले आणि काठी उगारली. भालाइतांनी त्याला साथीदारांसकट जखडलं.

राजा धावत आला. कोतवाल पुढे झाला. “महाराज, या नराधमाने पट्टहत्तीवर काठी उगारली.”

“हत्तीवर नाही,” चित्ती म्हणाली. “माझ्यावर.”

“तू मधे बोलू नकोस. तुझ्यावर उगारली असती, तर त्याला पकडला असता का?”

राजाने मान खाली घातली. मग तो हत्तीला म्हणाला, “गजराज, तुम्हाला सोन्याची अंबारी करतो. आता उठा.”

“मी उठलो, महाराज, तर माझ्याबरोबर पहाराही उठेल.”

“नाही उठणार. माझा हुकूम आहे. आजपासून हा पहारा पोरांचा.”

हत्ती उठून थोडा पुढे गेला. भालाईत सवयीने त्याच्यामागे. हत्ती परत येऊन बसला. राजाने पुन्हा हुकूम सोडला, हत्ती पुन्हा उठला, भालाईत पुन्हा मागे. या खेपेला हत्ती बसला तो राजाच्या छत्रावर. चुकून बसला, असं मल्लू सगळ्यांना सांगत सुटला.

हुकूम कानापर्यंत पोचतो, पायापर्यंत नाही, हे तेव्हा राजाला कळलं. त्याने एकेका भालाइताचा दंड धरून त्याला ओट्यांपाशी उभं केलं. खंडकाला बोलतं केलं. दूरच्या वीटभट्टीवरून पोरं परत आली, त्यांत सोमाही होता. जी आली नाहीत त्यांची नावं चित्तीने राजाला सांगितली. ती राजाने उभ्याने ऐकली.

मग हत्ती उठला. पहारा जागेवरच राहिला. भाले नाहीत, छत्र नाही, असा तो बाजारातून एकटा चालत गेला, आणि पुढे मरेपर्यंत तसाच हिंडला. कुत्री पहिल्यांदाच त्याच्यावर भुंकली. त्याला बरं वाटलं.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, “तेव्हाचा खंडक तो आजचा देवदत्त, राजा तो आनंद, चित्ती ती भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि पट्टहत्ती मीच.”

“आणि भन्ते, कोतवाल?” एका भिक्षूने विचारलं.

तथागतांनी सभेवरून शांतपणे नजर फिरवली. “तो पुष्कळ जणांत वाटला गेला आहे. एकाचं नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.”

सभेतल्या बऱ्याच जणांनी तेवढ्यात अंगावरचं चीवर सारखं केलं.

स्वतःभोवतीचा पहारा काढून ज्याला कुणी नाही त्याच्याभोवती उभा करणं, या गुणाचं नाव अभयदान.