राखण नसलेलं शेत

एक होता राजा. त्याला शिकारीचा भारी नाद. दिवाणखान्याच्या चारी भिंतींवर हरणांची शिंगं लावलेली, आणि त्यांवर हा आपली पागोटी टांगायचा. शकू, पाय आत घे बघू गोधडीत.

पण हरणं काय वेडी असतात? शिकारीचं शिंग वाजलं की ती डोंगर ओलांडून पसार व्हायची. राजा खाऊन खाऊन झालेला गोल. त्याला डोंगर कुठला चढवतोय?

मग एकदा काय झालं, गावात दवंडी पिटली. ‘ऐका हो ऐका! महाराजांना हरणांची दया आली आहे. रान वाळलंय. हरणांसाठी महाराज मूग पेरणार आहेत हो!’

गाव खूश झालं. बायकांनी तर डोळ्यांना पदर लावला. एकटी येसाक्का तेवढी गप्प राहिली.

ही येसाक्का कोण, तर गावच्या शेतांची राखण करणारी म्हातारी. रानाच्या कडेला तिची झोपडी होती, आणि झोपडीपुढे तिचं स्वतःचं हातभर शेत. हातात गोफण. चाळीस वर्षं तिने धोंडे भिरकावले, पण एकही कधी कुणा जनावराला लागला नाही, बरं का. धोंडा पडायचा तो बरोबर हरणाच्या पुढ्यात. ‘थांब बाई, इथं नको,’ एवढंच सांगायला. चाळीस वर्षांत तिला हरणांची बोली समजायला लागली होती, आणि हरणांना तिची.

राजाने तिलाच बोलावलं. म्हणाला, “अक्का, तुझ्या हाताला गुण आहे. तूच पेर.”

“पेरते महाराज. पण राखण कोण करणार?”

“राखण कशाला? हरणांसाठीच तर आहे.”

उत्तर कसं गोड होतं! येसाक्काला ते गिळवेना. बिनराखणीचं शेत तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण राजाचा हुकूम. तिने पेरलं. मोटेचं पाणी मिळालं, मूग तरारून आले. भर उन्हाळ्यात तेवढाच एक तुकडा हिरवागार.

मग एका सकाळी रानाच्या कडेला एक म्हातारी हरिणी येऊन उभी राहिली. तिचा एक कान फाटलेला होता. मागे तिची पाडसं, पोटं खपाटीला गेलेली.

“अक्का, शेत कुणाचं?”

“राजाचं.”

“राखण?”

“नाही.”

“मग नको,” म्हणाली हरिणी आणि वळली. पाडसं मात्र मागे बघत बघत गेली. येसाक्काचा जीव तुटला हो.

इकडे राजा रोज विचारतोय, आली का हरणं? नाही आली. मग त्याने शेताला काटेरी कुंपण घातलं आणि एकच खिंडार ठेवलं. खिंडारासमोर आंब्यावर मचाण बांधलं.

“हे कशाला महाराज?”

“डुकरं शिरू नयेत म्हणून कुंपण. आणि मचाण म्हणशील, तर हरणं चरताना बघेन. डोळे निवतील माझे.”

पुन्हा गोड! कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणाली येसाक्का मनाशी. मी असते तर तोंडावर म्हणाले असते. पण तिचं अख्खं पोट त्या हातभर शेतावर, आणि राजाने तर बजावलंच होतं, “हरणं तुझं ऐकतात. उद्या संध्याकाळपर्यंत ती आली नाहीत, तर तुझं शेत जप्त आणि तू गावाबाहेर.”

त्याच दुपारी राजाच्या स्वयंपाकघरातली चिमाबाई तिच्याकडे कोथिंबीर मागायला आली. घामाघूम झालेली बिचारी.

“काय ग, एवढी कसली घाई?”

“काय सांगू अक्का! उद्या रात्री दोनशे पानं उठायची आहेत. सकाळपासून तीन पाट्यांवर मसाला वाटतोय आम्ही. आलं-लसूण नुसतं सोलून ठेवलंय.”

येसाक्काच्या ध्यानात आलं. मूग खायला हरणांना आलं-लसूण कशाला लागतंय?

आता काय करावं? हरणं आली तर त्यांचा जीव जाणार. नाही आली तर हिचं शेत जाणार. येसाक्काने गोफण उचलली आणि ती थेट राजाकडे गेली.

“महाराज, बिनराखणीच्या शेताचा हरणांना संशय येतो. मला गोफण घेऊन उभं राहू द्या. मग त्यांना खरं वाटेल.”

राजा खूश! “वा, म्हातारे! तू तर माझ्याच बाजूची निघालीस.”

येसाक्का नमस्कार करून निघाली. परतताना तिने पाणवठ्यावर तीन बायकांना सांगितलं, उद्या महाराज हरणांना जेवू घालणार आहेत, बघायला या. तीन बायकांना सांगितल्यावर दवंडी कशाला हवी?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधाआड अख्खं गाव चिडीचूप बसलं. मचाणावर राजा घोंगडी पांघरून. उकाड्यात घोंगडी, बरं का! शेतात येसाक्का उभी. फाट्या कानाच्या हरिणीने राखण पाहिली आणि पाडसांना घेऊन हळूहळू खिंडारापाशी आली.

येसाक्काने गोफण फिरवली. पहिला धोंडा पाडसांच्या पुढ्यात. ती थांबली.

“अग, येऊ दे त्यांना!” राजा वरून कुजबुजला.

दुसरा धोंडा पुढ्यात. ती मागे सरली.

मग मात्र राजाला दम निघेना. घोंगडी फेकून तो उभा राहिला आणि त्याने बाण लावला.

तिसरा धोंडा सुटला. हा काही हरणांपुढे पडला नाही. खाड्कन राजाच्या धनुष्याला लागला, आणि धनुष्य गडगडत खाली आलं, थेट गावकऱ्यांसमोर.

“हात चुकला महाराज,” येसाक्का म्हणाली. “चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.” मग तिने पुढे येऊन धनुष्य उचललं. “पण महाराज, नुसतं बघायला हे कशाला लागतं?”

सगळं गाव वर बघतंय. त्याचीच दवंडी, त्याचाच शब्द. राजा मान खाली घालून उतरला आणि गेला. वाटलेला मसाला त्याने वांग्याला लावून खाल्ला.

मग हरणं आत शिरली. पाडसांनी पोटभर मूग खाल्ले. येसाक्का रडली, पण गोफण हातातच ठेवून. तिचं शेत तिच्याकडेच राहिलं. दर उन्हाळ्यात गाव हरणांसाठी तो तुकडा पेरू लागलं, आणि फाट्या कानाची हरिणी आधी बघायची, अक्का राखणीला आहे ना? असली तरच तोंड लावायची.

म्हणून सांगते, फुकटचा घास आधी हुंगावा.

काय म्हणालीस, शकू? आजी फुकट गोष्ट का सांगते? घ्या! शिकवली विद्या माझ्यावरच उलटली. तर ऐक. मला तुमची झोप हवी आहे, सगळ्यांची, सकाळपर्यंत पुरेल एवढी. राजा वांगी खाऊन झोपला, हरणं मूग खाऊन झोपली. आता तुम्ही मिटा डोळे. मी आहे राखणीला.