ओसरीची किल्ली

“माझ्याशिवाय दुसरं आहे तरी कोण, अण्णा?”

प्रणिलने हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा गुरव देवळाच्या पायरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगा ना. कोण आहे?”

“तुटली बघ वात,” अण्णा म्हणाले. ती बाजूला ठेवून त्यांनी नवा कापूस घेतला.

अण्णांनी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. निवृत्त झाल्यावर गावच्या देवळातली घराण्याची पूजा त्यांच्याकडे आली. दुपारी काही काम नसे, म्हणून त्यांनी इंटरनेटवर एक जागा उभी केली. तिचं नाव ठेवलं ओसरी. तिथं वाघ-बकरीचा पट मांडायचा आणि वाट बघायची. कुठल्यातरी गावचा कोणीतरी येऊन समोर बसायचा. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या. बकरीच्या पाठीमागची जागा मोकळी असली की वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. बकऱ्यांनी एकमेकींना धरून वाघांना कोंडायचं.

तिकीट नाही, जाहिरात नाही. व्यवस्था बघणारे सगळे हौसेने काम करणारे. त्यांना राखणदार म्हणत.

प्रणिल सगळ्यांत कडक राखणदार होता. पण ओसरीची किल्ली अण्णांकडे होती. किल्ली म्हणजे एक पासवर्ड. तो ज्याच्याकडे, ओसरी त्याची. तो मागायला प्रणिल पुण्याहून दोन एसट्या बदलून आला होता.

“बाकीचे पाचही राखणदार सोडून गेले,” तो म्हणाला. “मी राहिलो. दोन वर्षांत एक तक्रार शिल्लक ठेवली नाही. शिव्या देणारे काढले. हरायला आलं की पळून जाणारे काढले. चालू डावात दुसऱ्याला चाल सांगणारे काढले. एकालाही नियमाबाहेर जाऊन काढलेलं नाही. यादी आणलीय.”

यादी चार पानांची होती.

अण्णांनी हात धोतराला पुसले, पानं घेतली, चाळली आणि परत दिली.

“अक्षर चांगलं आहे.”

“प्रिंट आहे ती, अण्णा.”

“हो का…”

खाली देवळाच्या फरशीत एक जुना पट कोरलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यावर दोन म्हातारे खडे मांडून खेळत होते. वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई जाता जाता थांबली.

“त्या कोपऱ्यात ठेव की! वाघ काय तुझा पाव्हणा हाय का, त्येच्याम्होरं बकरी बांधाया?”

“तू जा बघू. म्हस वरडत असंल.”

“वरडू दे. आधी कोपऱ्यात ठेव.”

खडा कोपऱ्यात गेला. समोरचा म्हातारा चिडला. “दोघं मिळून खेळताय व्हय? मग मी बी माझी म्हस आणतो!”

बाईने हसत भारा खाली ठेवला आणि त्यावरच बैठक मारली.

प्रणिल हसला नाही. “आपल्या ओसरीवर हे चालत नाही,” तो म्हणाला.

“खरं आहे,” अण्णा म्हणाले. “आपल्याकडं नाही चालत.”

मग त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. आतून एक घडी घातलेला कागद काढला, दोघांच्या मधे पायरीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला.

“यात किल्ली आहे. ओसरीवर एक डाव खेळ. कोणाशीही खेळ. डाव संपला की कागद तुझा.”

प्रणिलला वाटलं, अण्णा चेष्टा करतायत.

“हरलो तरी?”

“हरलास तरी.”

त्याने मोबाईल काढला, पट मांडला, वाघ आपल्याकडे घेतले. एका बाजूला त्याचं नाव आलं. दुसरी जागा रिकामी होती.

अण्णांनी वात वळली. आणखी एक वळली.

“दुपारची वेळ आहे,” प्रणिल म्हणाला. “लोक कामात असतात.”

“असतील.”

…

“इथं रेंज आहे ना?”

“भरपूर. टॉवर त्या शाळेच्या मागंच आहे.”

तरीही प्रणिल उठला. मोबाईल उंच धरून दीपमाळेपर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

“आधी या वेळेला किती जण असायचे रे?” अण्णांनी विचारलं.

“तेव्हा नुसता गोंधळ असायचा.”

“किती असायचे?”

“साठ… सत्तर. पण शिस्त नव्हती, अण्णा. कोणीही काहीही बोलायचं. रोज वीस तक्रारी.”

“आणि आता?”

“आता महिना महिना एक तक्रार येत नाही.”

वातींची जुडी बांधायला अण्णांनी दोरा शोधला.

दीपमाळेची सावली पायरीवर चढली. खाली म्हाताऱ्यांचा तिसरा डाव सुरू झाला. आता बाई खेळत होती आणि हरलेला म्हातारा तिला चाली सांगत होता.

प्रणिलने पट मोडला आणि पुन्हा मांडला. मग घड्याळ बघितलं. मग मोबाईल पालथा ठेवला, आणि लगेच सुलटा केला.

टक.

समोरच्या जागेवर नाव उमटलं. पाहुणी.

“आलं! आलं कोणीतरी!” प्रणिल गुडघ्यावरच उभा राहिला. पुण्याहून आल्यापासून त्याचा आवाज असा एकदाही निघाला नव्हता.

पटाखाली अक्षरं आली. ‘आहेस होय.’

मग पहिली बकरी आली. ती कोपऱ्यात नाही, कडेलाही नाही. थेट वाघाच्या तोंडाशी, पाठीमागची जागा मोकळी सोडून.

प्रणिल खाली बसला.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“ही मंदाताई आहे. परांड्याची. ती नर्स.”

“नाव तर दुसरंच दिसतंय.”

“नाव बदलून आलीय. पहिली बकरी मुद्दाम घालवते ती. म्हणायची, नवीन माणसाच्या तोंडात आधी एक घास पडू दे, मग तो उठून जात नाही. दुसरं कोणी असं खेळतच नाही.”

“तुला कसं ठाऊक?”

“माझा पहिला डाव तिच्याशीच होता.”

…

“मग तिला काढलं कशाला?”

“चालू डावात चाली सांगायची. नवीन पोरांना. तीन वेळा ताकीद दिली. प्रत्येक वेळी म्हणाली, बरं बाळा. आणि पुन्हा सांगितल्या.” त्याने यादीवर बोट ठेवलं. “हे बघा, दुसरं पान.”

“दिसलं.”

“काढलेल्या माणसाने दुसऱ्या नावाने यायचं नाही. सातवा नियम.” प्रणिल थांबला. “तुम्ही लिहिलेला आहे, अण्णा.”

“हो,” अण्णा म्हणाले. “मीच लिहिला.”

त्यांच्या बोटात दोरा तसाच राहिला होता. जुडी बांधायची राहून गेली.

“शिवाय डाव चालू असताना बोललीय. ‘आहेस होय’ म्हणाली.”

“म्हणाली खरी.”

मोबाईलवर पुन्हा अक्षरं आली. ‘खा की. वाट कसली बघतोस?’

“बघा!” प्रणिल म्हणाला. “आत्तासुद्धा चाल सांगतेय.”

अण्णांनी बघितलं.

“काढायचं बटण दाबू का?”

“किल्ली मागायला आलास ना? किल्लीवाल्याने कोणाला विचारायचं…”

प्रणिलने ओठ आवळले. खाली फरशीवर बाई ओरडत होती, “थांब थांब, ही चाल मागं घेते मी,” आणि दोघे म्हातारे एकदम “घे, घे” म्हणत होते.

त्याने बटण दाबलं.

समोरचं नाव गेलं. बकरीही गेली. पटावर तीन वाघ उरले. खाली एक ओळ आली: समोर कोणी नाही. डाव संपला. वाघ जिंकले.

“संपला डाव,” प्रणिल म्हणाला. मोबाईल अण्णांसमोर धरून त्याने पुन्हा म्हटलं, “संपला.”

अण्णांनी खडा उचलला. कागद प्रणिलच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

“घे,” ते म्हणाले. “तू म्हणत होतास ते बरोबर आहे. तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.”