काचायनांचा अक्षय लेप

पूर्वी त्रेतायुगात, जेव्हा श्यामोदा नदीच्या तळाचे खडेही वरून स्पष्ट दिसत, तेव्हा तिच्या तीरावर रसविद्येचे आचार्य काचायन यांचा आश्रम होता. वृक्षांचा डिंक आणि खनिजांचे भस्म आटवून त्यांनी एक लेप सिद्ध केला. तो लावलेले मडके पाझरत नसे, त्यातल्या धान्याला कीड लागत नसे.

आश्रमाचा नियम होता, की नवे द्रव्य आधी सहा ऋतू आचार्याच्याच घरी वापरायचे. आणि आवाहन केलेल्या देवतेचे विसर्जन करतात, तसे त्या द्रव्याचे विसर्जन कसे करायचे हे ठरल्यावाचून ते बाहेर द्यायचे नाही. पण राजाचा यज्ञ जवळ आला होता आणि त्याला सहस्र कुंभ हवे होते. "काचायनांच्या द्रव्याला कसली परीक्षा?" सभेतले वृद्ध ऋषी म्हणाले.

काचायनांची कन्या शाल्मली उठली. "तात, कुंभ फुटतील तेव्हा लेप कुठे जाईल? खाली निषादांची वस्ती आहे. तुंगामावशीची सून गरोदर आहे, ती हेच पाणी पिते. त्यांना कोणी विचारले?"

"मुली, तुझ्या जन्माआधीपासून आम्ही यज्ञ करतो आहोत," एक वृद्ध ऋषी म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला धूर दिसेनासा झाला आहे!"

"शाल्मली, खाली बस," काचायन म्हणाले. ती बसली.

मग यज्ञात लेप कुठेच उणा पडू नये म्हणून त्यांनी घोर तप करून वरुणाला प्रसन्न केले. "जलाधिपते, माझा लेप पाण्यात विरघळू नये, अग्नीत जळू नये, मातीत कुजू नये."

"मुनिवर, पुन्हा विचार कर. दिलेला वर मला परत घेता येत नाही."

"विचार झाला आहे."

"तथास्तु."

यज्ञ थाटात पार पडला. फुटके कुंभ तीरावर टाकले गेले आणि पुराबरोबर लेपाचे चकाकते पापुद्रे नदीत उतरले. मासे उलटे होऊन तरंगू लागले. तुंगेच्या सुनेला मूल झाले, ते रडलेच नाही. कमळाच्या पानात गुंडाळलेला तो देह घेऊन तुंगा सभेत आली.

"आचार्य, तुझ्या लेपाला मरण नाही ना? मग तो आहे तोवर तुलाही नसो!"

काचायन तिच्या पायांवर कोसळले. सभेतले ऋषी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवसापासून काचायन कंबरभर पाण्यात उभे राहून पापुद्रे वेचू लागले. शाल्मलीही शेजारी वेचत असे. "मी तेव्हा बसायला नको होते," एवढेच ती म्हणे. तिचे केस पांढरे झाले, एके दिवशी पित्याने तिला अग्नी दिला आणि ते पुन्हा पाण्यात उतरले.

युगे उलटली. काचायन अजूनही श्यामोदेत उभे आहेत. त्यांची ओंजळ भरते. पण ती रिकामी करायला त्यांना पृथ्वीवर जागा सापडत नाही.