पेजेत चिमूटभर मीठ

"सर, आकडे खोटे होते, एवढं कबूल करायला इतकं जड का जातंय?"

सुलक्षणा पडवीत उभ्यानंच विचारत होती. शहरातल्या मोठ्या कॉलेजात विभागप्रमुख आहे ती आता. एकेकाळची धामणस्कर सरांची लाडकी विद्यार्थिनी.

थुंकीतला रस तांदळाच्या पिठाची साखर तीन मिनिटांत करतो, असं सरांनी मांडलं होतं. सात वर्षांपूर्वी हिनं भर सभेत सांगितलं, माझ्याकडे अकरा मिनिटं लागतात, सरांचे आकडे बनावट आहेत. झालं. त्या दिवसापासून सर गावात खाली मान घालून वावरले.

आता माजी विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार, आणि बाईंना त्याआधी कबुली हवी होती.

मी शेजारी, पोस्टातून निवृत्त. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण राग आला होता, तो चहाबरोबर गिळला.

"डिस्टिल्ड पाणी आणलंयस?" सरांनी विचारलं.

"आणलंय. तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून."

"मग कर."

तिनं दोन परीक्षानळ्यांत पेजेचं पाणी घेतलं. आपली थुंकी त्या डिस्टिल्ड पाण्यात पातळ करून दोन्हींत घातली. सर स्वयंपाकघरात गेले, चिमूटभर मीठ घेऊन आले आणि एका नळीत टाकलं.

दर मिनिटाला ती एकेक थेंब आयोडिनवर टाके. पीठ शिल्लक असेल तर थेंब निळा होतो, तिनंच सांगितलं.

तिसऱ्या मिनिटाला मिठाच्या नळीतला थेंब निळा झाला नाही. दुसरीतला होतच राहिला. अकराव्या मिनिटाला तोही व्हायचा थांबला.

"मिठातलं क्लोराइड," ती पुटपुटली. "पहिल्या वर्षाला मीच शिकवते हे."

"मिठानं काय केलं?" मी विचारलं.

"नवीन काही नाही. काम रसाचंच. मीठ नुसती त्याला चालना देतं. नसतं तरी साखर झालीच असती."

"झालीच असती..." सर स्वतःशीच म्हणाले.

"पण सर, आपल्या प्रयोगशाळेतल्या बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलेलं होतं."

"ती भरायचं कोण?"

"तातू." प्रयोगशाळेतला शिपाई.

"पाणी शुद्ध करायचं यंत्र त्याच्या हातून जळलं," सर म्हणाले. "सांगायला घाबरला. मागच्या विहिरीचं भरून ठेवायचा. खाडीकाठची विहीर, खारटच असणार."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू सभेत बोललीस त्याच दिवशी. परत येऊन बाटलीतलं पाणी चाखलं. खारट."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती गं."

सात वर्षं रोज या माणसाबरोबर चहा पितोय मी. मला हे आज कळत होतं. वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली, कारण मीसुद्धा मनातल्या मनात सरांनाच खोटं ठरवलं होतं.

सुलक्षणा खाली बसली. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सत्कारात मी सगळ्यांसमोर सांगते, सर. उशिरा का होईना, खरं ते लोकांना पटतंच."

सरांनी परीक्षानळ्या विसळायला घेतल्या.

"काकूंना तरी सांगितलंत ना? कुठे आहेत त्या?"

मी अंगणाकडे बघत बसलो. हिला कुणी कळवलंच नव्हतं...

"तातू निवृत्त होऊन मुलाकडे गेला, तेव्हा सांगितलं," सर म्हणाले. "म्हणाली, गाव सोडून गेलेल्या माणसावर आपला दोष ढकलू नका."

"...मग?"

"आषाढात गेली ती. शेवटपर्यंत म्हणायची, माझी सुलू खोटं बोलायची नाही."