कुणाची गं तू?

“…आणि तिला बोलायचंच नसेल, तर मी काय तोंडात हात घालून शब्द काढू का, सर?”

प्रणालीनं मोबाइल टेबलावर आपटला. घाटपांडे सरांनी दचकून चहाची कपबशी बाजूला ओढली.

ही त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. कॉलेजच्या पाक्षिकात ती गावातल्या माणसांवर सदर लिहायची आणि ते सदर चहाच्या टपरीवरसुद्धा मोठ्यानं वाचलं जायचं. कल्हईवाला, बँडवाला, देवळातला नगारेवाला, सगळे तिच्यापुढे भडाभडा बोलले होते. अडली ती बनाक्कापाशी.

बनाक्का म्हणजे गावची म्हातारी सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं.

“उद्या अंक छापायला जातोय,” प्रणाली म्हणाली. “आणि शहरातल्या त्या दैनिकाला परवा हाच लेख पाठवायचाय. नाही गेला, तर तिथली बातमीदार म्हणून माझी निवड गेली. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?”

सरांना वाटत होतं. फार वाटत होतं. पण काय वाटतंय ते नेमकं सांगता येत नव्हतं. उभा जन्म शब्दांत घालवून एवढंही जमू नये, याचाच त्यांना जास्त वैताग आला होता.

“ऐकव,” ते म्हणाले.

तिनं मोबाइलवर रेकॉर्ड केलेली मुलाखत लावली. कोंबड्यांचा कलकलाट. मग खरखरीत आवाज.

“कुणाची गं तू?”

“आजी, मी कॉलेजच्या पाक्षिकाकडून आलेय.”

“ते कळलं. कुणाची?”

“ते महत्त्वाचं नाही, आजी. तुम्ही तुमच्याबद्दल सांगा ना. हे काम कुणी शिकवलं तुम्हाला?”

“सासूनं.”

“कधीपासून करताय?”

“लई दिस झालं.”

“एखादं अवघड बाळंतपण आठवतं?”

कोंबड्या.

“आठवतं का, आजी?”

“असंल.”

प्रणालीनं फोन बंद केला. “असंल! ऐकलंत? तीन खेपा घातल्या, सर. दारात पाय टाकला की तोच प्रश्न, आणि पुढं सगळ्याला व्हय, न्हाई, असंल. काल तर माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली.”

“पहिल्यापासून लाव.”

“कुणाची गं तू?” फोन म्हणाला.

सरांनी हात वर केला. “पुन्हा.”

“कुणाची गं तू?”

“सर, सुरुवातीला काही नाहीये! पुढचं ऐका.”

“तिनं काहीतरी विचारलंय.”

“ती सगळ्यांनाच विचारते. गावाकडची सवय आहे ती. आल्यागेल्याचं कूळ काढल्याशिवाय यांना चैन पडत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

प्रणाली त्यांच्याकडे बघतच राहिली.

“सर! पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहिलं होतंत? ‘बातमीदारानं मध्ये यायचं नाही.’ खाली दोन रेघा मारल्या होत्यात.”

…सरांना त्या रेघा आठवल्या. प्रत्येक तुकडीला मारल्या होत्या. दुसऱ्या रेघेला खडू हमखास मोडायचा.

“त्याचा अर्थ असा की…” त्यांनी सुरुवात केली. “म्हणजे त्याला एक संदर्भ… आता तटस्थता ही जी गोष्ट आहे…”

वाक्य पुढं जाईना. दोन पदव्या आणि एक प्रबंध घशात आडवे आले. प्रणाली वाट बघत होती, आणि तिच्या वाट बघण्यानं त्यांचं डोकं आणखीनच तापलं.

“कुणाची गं तू?” ते एकदम ओरडले.

“काय?”

“मी विचारतोय.”

“कॉलेजच्या फॉर्मवर आहे, सर.”

“फॉर्मला कोण विचारतंय? तुला विचारतोय.”

वरचा पंखा कुरकुरत फिरत होता.

“शेवंताची,” ती म्हणाली. “गिरणीमागच्या. आठवडी बाजारात सुकट घेऊन बसते ती.”

“हं.”

“तिसरी.” मग थोडं थांबून, “तिसरी मुलगी.”

सरांनी खुर्ची पुढं ओढली.

“जन्मले तेव्हा रडले नव्हते म्हणे. माझी आजी म्हणाली, राहू दे आता, तिसरीच तर हाय. तर बनाक्का तिच्या अंगावर धावून गेली. मला उचललं नि अंगणात नेलं. उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं… आई म्हणते, तिनं मला खाली ठेवलंच नाही.”

“आणि?”

“आणि काय? रडले.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

“बारशाला सुईणीला चोळी द्यायची असते,” प्रणाली टेबलाकडे बघत म्हणाली. “माझं बारसंच केलं नाही घरच्यांनी. चोळी राहिली ती राहिलीच. आई अजून तिच्या दारावरनं जात नाही. देवळाला वळसा घालून जाते.”

सरांचं बोट फोनवर गेलं. त्यांना तो नीट चालवता येत नसे, भलतंच काहीतरी दाबलं गेलं. मध्यावरूनच सुरू झालं.

“एखादं अवघड बाळंतपण आठवतं?”

कोंबड्या.

“आठवतं का, आजी?”

“बंद करा, सर.”

त्यांना बंद करता येईना. शेवटी तिनंच केलं.

“मी सांगितलं असतं,” ती उसळून म्हणाली, “तर तो लेख तिचा राहिला असता? माझा झाला असता! वाचणारे म्हणाले असते, बघा, पोरीनं स्वतःचंच कौतुक छापून आणलं. सांगा ना, माझं काय चुकलं?”

काय चुकलं ते सरांना सांगता येईना. तिचं काही चुकलंच नव्हतं, आणि सर्वांत जास्त चीड त्याचीच येत होती.

“आणि आता जायचं म्हटलं, तर रिकाम्या हातानं जाता येत नाही. ज्याच्यावर लिहायचं, त्याला काही द्यायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत.” तिचा आवाज फुटला. “त्याच्याखालीसुद्धा दोन रेघा होत्या!”

सर उठले.

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि आपल्या खणात टाकला. खण अडला. त्यांनी गुडघा लावून तो आत ढकलला.

“सर! माझा फोन… मुलाखत कशी घेऊ मी?”

“मुलाखत चालूच आहे,” सर म्हणाले. “ती घेतेय. तू पहिल्याच प्रश्नाला अडलीयस… जा, उत्तर देऊन ये.”