उपाशी गोधडी

एकदा काय झालं, हिवरगडच्या राजाला लेक झाली. ऐन पौषात, बरं का, दात वाजायच्या थंडीत! दहा दिवसांची इवलीशी पोर, अजून बारसंही व्हायचं होतं. आणि तिच्या अंगातली थंडी काही केल्या जाईना. शाली झाल्या, दुलया झाल्या, शेगड्या पेटवल्या, तरी ओठ आपले निळे ते निळेच. वैद्य म्हणाले, "महाराज, आज ऊब आली नाही तर आमच्या हातात काही नाही." राणीच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

मग राजानं ठकूबाईला बोलावलं. ठकूबाई गोधड्या शिवायची. आणि काय हात होता बाईचा! धावदोरा घालायला लागली की मुंग्यांची रांग चालल्यासारखी, एक टाका लहान नाही की मोठा नाही. राजे असोत नाहीतर गुराखी, तिच्या गोधडीवर सगळे जीव टाकायचे.

ठकूबाईनं पोर पाहिली नि तिच्या पोटात तुटलं. दासी म्हणाली, "बाई, दोन घास खाऊन घ्या." "जेवण कुठं पळून जातंय? आधी पोर!" असं म्हणून ठकूबाई मांडी ठोकून बसली. राणीची जुनी लुगडी मागून घेतली. नवं कापड नको, जुनेरच मऊ. भराभर शिवली, पोरीवर घातली. आणि हाय रे देवा! गोधडी गार. ओल्या फरशीसारखी गार!

मग राजा म्हणाला, "आत रेशीम भरा." उसवली, रेशीम भरलं, शिवली. गारच! मग राणी म्हणाली, "मोरपिसं भरा." उसवली, पिसं भरली, शिवली. तरी गारच! हसताय काय रे? तिकडं पोरीचं रडणंसुद्धा थांबलं होतं.

मग ठकूबाईनं तिसऱ्यांदा कोपरा उसवला. तेवढ्यात आवाज आला, गुर्रर्र! "अगं बाई, माझंच पोट," ती म्हणाली. सकाळपासून अन्नाचा कण नव्हता ना! पोट दाबून धरलं, तरी गुर्रर्र चालूच. मग तिनं कान लावला. आवाज येत होता गोधडीतून!

"काय गं, काय झालं तुला?"

"ठकूमावशी," गोधडी म्हणाली, "चिंध्या दिल्यास, रेशीम दिलंस, पिसं दिलीस. घास दिलास का मला? उपाशी अंगाला ऊब यायची कुठून?"

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. खरंच की! भुकेनं तिची स्वतःची बोटंही बर्फ झाली होती. पदराच्या गाठीला घरची भाकरी होती, एवढीशी, एका घासाची. भूक तर अशी लागली होती की हात तोंडाकडेच जात होता. पण तिनं पोरीकडं पाहिलं, आणि तो घास गोधडीच्या कोपऱ्यात ठेवला. वरून टाका घातला.

मग गोधडीनं मिटक्या मारल्या. हो, खऱ्याखुऱ्या! आणि लागली की ऊबदार व्हायला. पोरीचे ओठ गुलाबी झाले, मुठी सुटल्या, आणि तिनं असं भोकांड पसरलं की हत्तीखान्यातले हत्ती दचकले. राजा हसत होता नि डोळे पुसत होता. म्हणाला, "ठकूबाई, मागशील ते देतो."

"महाराज, आधी जेवायला वाढा, मला चक्कर येतेय!"

राणी स्वतः उठली. गरम पिठलं-भाकरी घेऊन आली, खाली बसली आणि ठकूबाईला पहिला घास आपल्या हातानं भरवला. ठकूबाईला इतकं रडू आलं की घास गिळवेना.

मग पोर मोठी झाली, राजा-राणी सुखात राहिले, ठकूबाईनं आणखी शेकडो गोधड्या शिवल्या, एकही उपाशी ठेवली नाही. तेव्हापासून बायका शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालतात. अंगावरच्या गोधडीचा कोपरा चाचपून बघा. लागलं ना टणक? उकरू नको रे, द्वाडा! ती जेवलीय, तुम्हीही जेवलात. आता पाय आत घ्या आणि मिटा डोळे.