पेंढ्याचं वजन

"मग सात वर्षांत मला दिलंत तरी काय, बाबा?"

विचारताना विश्रामची पडशी खांद्यावरच होती. मास्तरकी सोडून तो या डोंगरपायथ्याच्या मठात आला होता. येतानाच चार ग्रंथ तोंडपाठ होते, त्यामुळे गर्वाची शिदोरी सोबत होतीच. आज त्याला स्वतःचा मठ काढायला निघायचं होतं. निघण्याआधी रेवणबाबांकडून एक शेवटचा उपदेश हवा होता. रिकाम्या हातानं जायची त्याला खरोखर भीती वाटत होती.

बाबा अळंबीच्या खोलीत बसले होते. बाहेर भर दुपार, पण दाराला ओलं गोणपाट लावलेलं, त्यामुळे आत उजेड नावालाच. आढ्याला पेंढ्याच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीच्या आत पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलं होतं. हात लावला तर पिशवी कोमट लागायची, ताप आलेल्या पोरासारखी.

"येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही चार गोड शब्द देता," विश्राम म्हणाला. "मला मात्र पेंढा काप, पेंढा भिजव, पिशव्या भर."

"त्या कोपऱ्यातल्या पिशव्या कुणी नासवल्या?"

विश्रामची नजर कोपऱ्याकडे गेली. पीक जोमानं यावं म्हणून महिन्यापूर्वी त्यानेच तीन पिशव्यांना गुळाचं पाणी पाजलं होतं. आठ दिवसांत हिरवी बुरशी चढली. अळंबीचा एक कोंब दिसेल तर शपथ.

"मला वाटलं, कोरडं काड खाऊन कुणाचं पोट भरतंय..."

"गुळाला सगळेच येतात," बाबा म्हणाले. "पेंढ्याला हीच येते."

आवाज इतका बारीक होता की विश्रामला वाकून ऐकावं लागलं. हल्ली बाबांचा आवाज असाच झाला होता. विश्रामचा मात्र चांगलाच भरला होता. परवा एक बाई दाराबाहेरून त्याचं बोलणं ऐकून हात जोडत आत आली आणि बाबा कुठे दिसेनात म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. त्या दिवशी विश्राम मनातून सुखावला होता. आता ते आठवलं आणि का कोण जाणे, त्याच्या अंगावर काटा आला.

"अळंबी जेवते कशी, बघितलंस कधी?"

"तोंड तर दिसत नाही, बाबा."

"तोंड नाही. पोट नाही. ज्याला खायचं त्याच्यातच ती घर करते. तिथंच त्याचं पाणी करते आणि पिते... पेंढ्याला कळतही नसेल."

विश्रामने टांगलेल्या पिशव्यांकडे पाहिलं.

"ती दाराजवळची उतरव."

तीन वेळा पीक देऊन झालेली पिशवी. भरताना लागले होते तसे त्याने दोन्ही हात लावले आणि हिसका दिला. पिशवी अशी चटकन वर आली की तो मागे धडपडला. आतला पेंढा होता तसाच दिसत होता, काडी न् काडी जागच्या जागी. त्याने एक चिमटीत धरली. तिचा भुगा झाला.

"या टाकतोस कुठं?"

"वांग्याच्या वाफ्यात."

"हं..."

बाबांनी हात पुढे केले. "गुडघे धरलेत. बाहेर ने मला."

विश्रामने एक हात त्यांच्या पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. तो मठात आला त्या साली बाबांचा पाय मुरगळला होता, तेव्हाही त्यानेच त्यांना उचललं होतं. पुढे आठ दिवस कंबर धरून चालला होता बिचारा.

त्याने दम भरला आणि जोर लावून उठला.

वजन होतं ते फक्त घोंगडीचं.

खांद्यानं गोणपाट सारून तो उन्हात आला. पडशी आतच गळून पडली होती. बाबांचा चेहरा होता तसाच होता. डोळे उघडे, शांत. विश्रामला रडू फुटलं. हात आवळायचीही त्याला भीती वाटत होती.

"बाबा..."

तो स्वतःच दचकला. त्याच्या तोंडून निघालेला आवाज बाबांचा होता.

"कुठं ठेवू तुम्हाला?"

"हळू..." बाबा म्हणाले. "वांग्याच्या वाफ्यात."